वाचकांचे प्रश्न : सोलरचं गरम पाणी शॉवरला का येत नाही?

प्रश्न : परभणीला आमचं स्वतःचं दोन मजली घर आहे. गच्चीवर दोन टाक्या आहेत. बोअरच्या पाण्याची ५०० लिटरची टाकी गच्चीवरच फूटभर ओट्यावर ठेवलेली आहे. नळाच्या पाण्याची टाकी, तीही ५०० लिटरची, ७ फुटी लोखंडी स्टँडवर आहे आणि तिच्यातून २०० लिटरच्या सोलरला पाणी जातं. बोअरच्या पाण्याने सोलरच्या काचेच्या नळ्या पांढऱ्या पडतात, म्हणून सोलरला मुद्दाम नळाचं पाणी दिलं. दिवाळीत वरच्या मजल्यावर नवीन बाथरूम केलं. मुलांच्या हौसेखातर ८ इंची मोठा शॉवर आणला. पाणी बारीक पडेल म्हणून प्लंबरने बोअरच्या थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवला. तेव्हापासून शॉवरला गरम पाणी येतच नाही. खालच्या बाथरूममध्ये बादलीला येतं, पण तेही हल्ली कोमट असतं. सकाळी अंघोळी झाल्या की सोलरच्या उभ्या पाइपातून गच्चीवर पाणी सांडलेलं दिसतं. गेल्या महिन्यात धाकटा शॉवरखाली असताना लाइट गेली आणि एकदम कढत पाणी त्याच्या खांद्यावर पडलं. फोड आले. प्लंबर म्हणतात, गरम लाइनवर एक एनआरव्ही टाकू म्हणजे सगळं थांबेल. टाकू का?
– एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : ताई, पाइपांचं नंतर बोलू. आधी आज संध्याकाळीच एक काम करा. सोलरच्या टाकीतून वरच्या बाथरूमला जी लाइन उतरते, तिचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळी जोडणी बदलून होईपर्यंत उघडू नका. तोवर मुलांना खालच्या बाथरूममध्ये बादलीने अंघोळ घाला. बादलीत थंड पाणी आधी, गरम नंतर. मुलाचे फोड फोडू नका आणि डॉक्टरांना दाखवलं नसेल तर दाखवा.

एवढ्या घाईने सांगण्याचं कारण असं, की सोलरचं पाणी गिझरसारखं ठरावीक गरम नसतं. गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो, ठरलेल्या अंशाला तो कॉइल बंद करतो. सोलरला असं कुणी थांबवणारं नाही. ऊन आहे तोवर पाणी तापत राहतं. मार्च-एप्रिलात घरची माणसं दोन दिवस गावाला गेली की टाकीतलं पाणी ८० अंशांच्या आसपास जातं. ६० अंशांचं पाणी ५ सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजतं. लेकरांची कातडी पातळ, त्यांना तेवढाही वेळ लागत नाही. तुमच्या मुलाचं खांद्यावर निभावलं. तेच पाणी डोक्यावरून डोळ्यांत उतरलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मी तुमचं पत्र गठ्ठ्यातून वर काढलं.

आता एनआरव्ही. म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी, उलटं येऊ लागलं की मिटणारी झडप. ती गरम लाइनवर टाकली तर गच्चीवर पाणी सांडायचं थांबेल, तुमचे प्लंबर म्हणतात ते तेवढ्यापुरतं खरं आहे. पण शॉवरला गरम पाणी येणार नाही ते नाहीच, आणि लाइट गेल्यावर कढत पाणी अंगावर पडायचा धोका जिथल्या तिथे राहील. दुखणं दोन पाण्यांच्या जोरात आहे. ते समजून घेतलंत तर पुढचं काम कुठलाही प्लंबर आला तरी तुम्ही उभं राहून नीट करून घ्याल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं लहानपण नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याजवळच्या खेड्यात गेलं. आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, आणि डोक्यावर नरसाळं. नरसाळ्यातून तांब्याभर थंड पाणी ओतलं की ते आतल्या नळीने थेट बुडाशी जायचं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोटीतून बादलीत पडायचं. ओतणं थांबलं की तोटी थांबायची. आई म्हणायची, "जेवढं घालशील तेवढंच मिळंल." आज प्लंबिंगमध्ये ३० वर्षं काढल्यावरही मी नव्या पोरांना सोलर शिकवताना त्या बंबापासूनच सुरुवात करतो. गरम पाणी हलकं असतं, ते टाकीत वर तरंगतं. थंड जड, ते खाली बसतं. सोलरला थंड पाणी खालून येतं आणि वरचं गरम पाणी रेटून बाहेर काढतं. गरम पाण्याला स्वतःचा जोर नसतो, मागून येणाऱ्या थंड पाण्याच्या उंचीचा जोर तेवढाच त्याचा जोर.

उंचीचा हिशोब सोपा आहे. पाण्याचा १० मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट उभा स्तंभ म्हणजे १ बार दाब. म्हणजे फुटाला फक्त ०.०३ बार. टाकी ५०० लिटरची असो की ५००० लिटरची, पाइप बारीक असो की जाड, टोटी बंद असताना दाब ठरतो तो पाण्याच्या पातळीच्या उंचीवर. आता तुमच्या घराचं गणित मांडू. शॉवर फरशीपासून साडेसहा फुटांवर, छत दहा फुटांवर, म्हणजे शॉवरपासून गच्चीपर्यंत स्लॅब धरून ४ फूट. त्यावर नळाच्या टाकीचा ७ फुटी स्टँड. टाकीत पाणी कमी असताना ११ फूट, म्हणजे ०.३३ बार. हा तुमच्या गरम पाण्याचा जोर. बोअरची टाकी फूटभर ओट्यावर, म्हणजे ५ फूट, ०.१५ बार. ती कमी पडते म्हणून तिच्यावर पंप बसवला. घरगुती प्रेशर पंप सहज १ ते दीड बार दाब देतो. म्हणजे मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड मिसळणाऱ्या नळाच्या, एका तोंडाला ०.३३ आणि दुसऱ्या तोंडाला त्याच्या चौपट. शेतात ठिबक टाकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. एकाच नळीला दोन मोटारी वेगवेगळ्या दाबाच्या जोडल्या तर कमजोर मोटारीचं पाणी नळीत शिरतच नाही, उलट दांडग्या मोटारीचं पाणी तिच्या अंगावर जातं.

तुमच्या बाथरूममध्ये रोज सकाळी हेच होतं. मिक्सर मधोमध फिरवला की दोन्ही वाटा उघडतात. थंड पाणी शॉवरमधून जेवढं पडेल तेवढं पडतं आणि उरलेला जोर गरम लाइनमध्ये घुसतो, पाइपातून उलटा चढतो, सोलरच्या टाकीत जातो. टाकी आधीच भरलेली, म्हणून पाणी उभ्या पाइपातून गच्चीवर. थंड पाणी टाकीच्या वरच्या, गरम थरातच शिरतं, म्हणून खालच्या बाथरूमचं पाणी कोमट. लाइट गेली की पंप थांबतो, ०.१५ बारचं बोअरचं पाणी थांबलेल्या पंपातून कसंबसं झिरपतं, आणि ०.३३ बारचं गरम पाणी एकटंच शॉवरवर येतं. मिक्सर मुलाने हलवलेला नाही, पाणी मात्र पूर्ण बदललं.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. सोलर वाचावा म्हणून तुम्ही त्याला नळाचं पाणी दिलंत, आणि पंप रोज तेच बोअरचं क्षाराचं पाणी मागच्या दाराने सोलरमध्ये भरतो आहे. सोलरच्या थंड लाइनवर झडप नसेल तर तिथून ते उलटं नळाच्या टाकीतही जाऊ शकतं. त्या टाकीचं पाणी स्वयंपाकाला जात असेल तर हे महिनोन्‌महिने तुमच्या पिण्यातही येत असणार. काम झालं की ती टाकी एकदा रिकामी करून धुवा आणि मगच भरा.

माझं निदान ताडून बघायचं असेल तर आठवडाभर तो गरमचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचाच आहे, तेवढ्यात रोज सकाळी गच्ची बघा. गच्ची कोरडी राहिली आणि खालचं पाणी पुन्हा चटका देणारं झालं तर दोष पंपाचाच. तरीही पाणी सांडत असेल तर नळाच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा) गळतो आहे, किंवा सोलरचा उभा पाइप बुटका आहे. तो पाइप नळाच्या टाकीच्या काठापेक्षा फूटभर तरी उंच हवा, नाहीतर टाकी काठोकाठ भरली की त्यातून पाणी येणारच.

सांडतो म्हणून त्या उभ्या पाइपाला टोपण मात्र कुणालाही लावू देऊ नका. हा व्हेंट पाइप सोलरचं नाक आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी एका कामगाराने थेंब पडतात म्हणून त्याला एंड कॅप चिकटवली. काही दिवसांनी टाकी धुवायला त्यांनी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि कुणीतरी खाली गरम पाण्याची तोटी उघडली. वरून पाणी येईना, हवा येईना, आत पोकळी झाली. बहीण म्हणाली, गच्चीवर कुणी उडी मारावी असा आवाज आला. मी जाऊन पत्रा उघडला तर आतली स्टीलची टाकी पिळलेल्या डब्यासारखी चेपलेली होती आणि जोडाला चीर गेली होती. पाइपलाइन करणारे शेतकरी चढाला एअर व्हॉल्व्ह ठेवतात तो उगाच नाही.

आता काय करायचं ते.

शॉवरचं थंड आणि गरम एकाच टाकीच्या पाण्यावर चालवा. तुमच्या घरात ही टाकी म्हणजे स्टँडवरची नळाची. तिच्यातून वरच्या बाथरूमच्या थंड पाण्यासाठी नवी १ इंची लाइन काढा, शॉवरच्या भिंतीपर्यंत १ इंच, मिक्सरला पाऊण इंच. बोअरची लाइन आणि पंप या बाथरूमच्या मिक्सरपासून पूर्ण तोडून टाका. मग टाकीत पाणी किती का असेना, गरम आणि थंड दोघांचा जोर नेहमी सारखा राहील, कारण दोघांची पातळी एकच. लाइट असो-नसो, फरक पडणार नाही.

हे करताना एक बारकावा आहे, तो प्लंबरला दाखवूनच करून घ्या. टाकीला दोन वेगळी तोंडं पाडायची. बाथरूमच्या थंड पाण्याचं तोंड टाकीच्या अगदी बुडाशी, आणि सोलरला जाणारं त्याच्यापेक्षा ३ इंच वर. नळाला पाणी आठवड्याने आलं, टाकी संपत आली, अशा वेळी सोलरचं तोंड आधी उघडं पडेल. मागून रेटा थांबला की गरम पाण्याचा जोर मोडेल. थंड शेवटपर्यंत चालू राहील. अंघोळ करणाऱ्याला गार लागेल, भाजणार नाही. तोंडं उलटी पाडली तर टाकी संपताना थंड आधी तुटतं आणि उरलेलं कढत पाणी एकटं येतं. तीन इंचांचा फरक आहे, खर्च काहीच नाही, आणि आमच्या धंद्यातले बरेच जण हे बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, नळाचं पाणी आमच्याकडे मोजून येतं, ते शॉवरला कसं घालू? हिशोब करून बघा. उंचीवर चालणारा छोटा शॉवर मिनिटाला साधारण ४ लिटर पाणी टाकतो. ५ मिनिटांत २० लिटर, म्हणजे एक बादली. त्यातलं निम्मं तर आधीही नळाच्याच टाकीतून, सोलरमार्गे येत होतं. चार माणसांना रोज ४० लिटर जास्त लागतील. कपडे, भांडी, संडास, झाडं यांना बोअर आहेच. पंपही तिकडे ठेवा, वॉशिंग मशीनला त्याचा उपयोग होईल. अट एकच, त्याची लाइन कुठल्याही मिक्सरला जोडलेली नसावी. स्वयंपाकघराच्या सिंकवर मिक्सर असेल तर तोही तपासा. घरात एका ठिकाणी जरी ही दोन पाणी भेटली तरी पुन्हा तेच सुरू होईल.

८ इंची शॉवर मात्र उतरवावा लागेल. तो शोरूममध्ये छान दिसतो, पण त्याला १ बारच्या आसपास दाब लागतो आणि तुमच्याकडे त्याच्या एक तृतीयांश आहे. शंभर छिद्रांतून पाणी वाटलं की प्रत्येकातून नुसतं ओघळतं. त्याऐवजी ३ ते ४ इंची, कमी छिद्रांचा शॉवर घ्या. त्याच्या आत पाणी वाचवणारी प्लास्टिकची चकती असेल तर ती काढून टाका, ती जास्त दाबाच्या इमारतींसाठी असते. मुलांचा हिरमोड होईल, पण ०.३३ बारवर चांगला शॉवर होतो. माझ्या स्वतःच्या घरी ९ फुटांवर चालतो आहे. त्यासाठी पाइप जाड ठेवावा लागतो आणि वळणं कमी. चार एल्बोंऐवजी दोन, आणि व्हॉल्व्ह पूर्ण भोकाचे बॉल व्हॉल्व्ह. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणलं आहे, पंपाशिवाय, नुसत्या उंचीच्या फरकावर. त्यावर जातं फिरत होतं. कमी उंची वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच कसब आहे.

मोठा शॉवर हवाच असेल तर एकट्या थंड पाण्याला पंप लावू नका. जुळा पंप मिळतो, त्यात एकाच मोटारीवर दोन पंख्या असतात, एक थंड ओढते, एक गरम, आणि दोन्हींचा दाब सारखा निघतो. तो गरम पाणी सहन करणारा हवा. गरमसाठी सोलरच्या टाकीला वेगळं तोंड घ्यावं लागतं, व्हेंटच्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) मारून चालत नाही, पंप हवा ओढतो आणि खडखडतो. आणि तुमच्यासारख्या उघड्या व्हेंटच्या सोलरच्या आधी, म्हणजे त्याच्या थंड लाइनवर, पंप कधीच बसवायचा नाही. ती टाकी दाब सोसायला बनवलेलीच नसते. खर्च बराच आहे आणि लाइट गेली की पुन्हा बारीक धार. मी तुमच्या जागी असतो तर केला नसता.

पाइपाबद्दल थोडं. गरम लाइन सीपीव्हीसीचीच हवी, तो गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप फिकट पिवळसर असतो. पांढरा यूपीव्हीसी ६० अंशांना मऊ पडतो, दोन उन्हाळ्यांत झोळीसारखा लोंबतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत टिकतो, तरी सोलरच्या टाकीतून निघणारा पहिला दोन-तीन फुटांचा तुकडा मी जीआयचाच (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) ठेवतो. सीपीव्हीसी तापला की वाढतो. १० मीटर पाइप ४० अंशांनी तापला तर जवळजवळ १ इंच लांब होतो. म्हणून क्लॅम्प आवळून टाकायचे नाहीत, पाइपाला सरकायला जागा ठेवायची. गच्चीवरच्या उघड्या पाइपावर काळी फोमची नळी चढवा. पाणी गरम राहतं आणि आपल्याकडच्या उन्हाने पाइप ठिसूळ होत नाही.

आणि तुमची गरम लाइन कठड्यावरून वर चढून मग खाली उतरते का ते बघा. बऱ्याच घरांत कठडा फोडायचा कंटाळा म्हणून असं करतात. त्या उंचवट्यात हवा साचते आणि एवढ्या कमी दाबाला ती ढकलता येत नाही. मग सगळं बरोबर असूनही गरम पाणी थेंब थेंब येतं. सोलरपासून मिक्सरपर्यंत लाइन सतत उताराचीच हवी. कठड्याला भोक पाडायला अर्धा तास लागतो.

शेवटचं, गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी सोडून द्यावं लागतं ते. ४० फूट पाऊण इंची पाइपात ३ लिटर पाणी असतं, १ इंचीत ५ लिटर. म्हणून गरमची लाइन शक्य तेवढी आखूड घ्या, आणि ते पहिलं पाणी बादलीत धरा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला १० टँकर वाघिणी, ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी लातूरला एका इमारतीचं काम करत होतो. तिथल्या आजीबाई न्हाणीतलं ते गार पाणी पितळी कळशीत धरून दिवसभर भांड्यांना पुरवायच्या. तेव्हापासून मी बसवलेल्या प्रत्येक शॉवरखाली बादली ठेवायला एक कडी मारून देतो. तुमच्या प्लंबरला सांगा, तो हसणार नाही.

प्रश्न : आमच्या २५ लिटरच्या गिझरच्या बाजूच्या छोट्या व्हॉल्व्हमधून गिझर चालू असताना थेंब थेंब पाणी पडतं. शेजारी म्हणतात, तिथे प्लग मारून टाका. मारू का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नका मारू. तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्क्याने फुगतं. तुमच्या २५ लिटरचं म्हणजे साधारण ३७५ मिलिलिटर. गिझरच्या आधी एनआरव्ही असेल तर या फुगलेल्या पाण्याला मागे टाकीत जाता येत नाही, ते या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. तेवढ्याच वेळी, तेवढंच पडत असेल तर व्हॉल्व्ह आपलं काम करतो आहे. त्याला एक बारीक नळी लावून ती खाली मोरीपर्यंत सोडा, तिचं टोक उघडं ठेवा. गिझर बंद असतानाही दिवसभर गळत असेल तर आत क्षार अडकला आहे, व्हॉल्व्ह बदलून घ्या. थर्मोस्टॅट कधी चिकटला तर त्या बंद लोखंडी पिंपातला दाब बाहेर काढणारी ही महत्त्वाची वाट आहे.

प्रश्न : १५ लिटरचा गिझर आहे, पण शॉवरने अंघोळ करताना अर्ध्यातच पाणी गार होतं. गिझर बिघडला का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बिघडलेला नाही. गिझरमधलं पाणी ६० अंश, थंड २० अंश धरलं तर अंघोळीच्या ४० अंशांसाठी निम्मं निम्मं लागतं. म्हणजे १५ लिटरचं फार तर ३० लिटर होतं, आणि प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण आत शिरणारं थंड पाणी शेवटी मिसळू लागतं. तुमचा शॉवर मिनिटाला ८ लिटर टाकत असेल तर साडेतीन मिनिटांत संपलं. शॉवरखाली बादली धरून घड्याळ लावा आणि एका मिनिटात किती पडतं ते मोजा. २ किलोवॅटच्या गिझरला तेवढं पाणी पुन्हा तापवायला २० मिनिटांच्या वर लागतात, तेव्हा दोन अंघोळींमध्ये तेवढं अंतर ठेवा, किंवा मिनिटाला ४-५ लिटरचा शॉवर बसवा. लातूरच्या पाण्याने शॉवरची छिद्रं पांढरी झाली असतील तर डोकं काढून लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. टाचणीने टोकरू नका, छिद्र वाकडं झालं की धार भिंतीवर जाते.